मेलेल्यांना विचारणारा हेर: मराठी प्रकाशकांना खुले पत्र

मान्यवर प्रकाशकहो,



तुमच्या याद्या मी मन लावून वाचतो. रॉबिन कुक मराठीत आला, डॅन ब्राउन आला, आणि आता दर वर्षी त्यांच्या मागून परदेशी रहस्यकादंबऱ्यांची रांग लागलेली असते. तक्रार नाही, त्यातल्या निम्म्या मी विकत घेतल्या आहेत. पण या रांगेत एक नाव मला दिसत नाही, आणि त्या नावासाठी हे पत्र. ब्रायन लमली या इंग्रज लेखकाची ‘नेक्रोस्कोप’ ही मालिका मराठीत आणा. सगळी आणा असं म्हणत नाही. लमलीने नंतर ती पुष्कळ ताणली. 1986 ते 1991 या काळात आलेले पहिले पाच भाग आणा, आणि ते न कापता, न पळवता, क्रमाने आणा.

विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडेल. व्हॅम्पायर आणि हेरगिरी एकत्र? शीतयुद्धात ब्रिटन आणि सोव्हिएत रशिया या दोघांकडेही अतींद्रिय शक्ती असलेल्या माणसांची गुप्त खाती आहेत, असं लमली धरून चालतो. ब्रिटनच्या खात्याचं नाव ई-ब्रँच. त्याचं कार्यालय लंडनमधल्या एका बड्या हॉटेलच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, व्हाइटहॉलपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. रशियाच्या खात्याचा मुक्काम मॉस्कोबाहेरच्या जंगलातल्या शातो ब्रोनित्सी नावाच्या वाड्यात. तिथला प्रमुख ग्रेगर बोरोविट्झ हा बेरकी म्हातारा थेट ब्रेझनेव्हला उत्तरदायी आहे आणि केजीबीच्या आंद्रोपोव्हशी त्याचं पटत नाही. म्हणजे पहिल्या काही पानांतच दोन देशांचं वैर आणि एकाच देशातल्या दोन खात्यांचं वैर, अशी दुहेरी वीण सुरू होते. सरकारी नोकरी केलेल्या कुठल्याही माणसाला यातलं दुसरं वैर जास्त खरं वाटेल.

ते खरं वाटण्याला कारण आहे. लमलीचा जन्म 1937 चा, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हॉर्डन या कोळशाच्या खाणींच्या गावातला. लष्करी पोलिसात त्याने 22 वर्षं काढली. त्यातला काही काळ भिंतीने दुभंगलेल्या बर्लिनमध्ये गेला. तिथून तो अमेरिकेतल्या अर्कम हाउस या भयकथांच्या प्रकाशनसंस्थेला पत्रं लिहून पुस्तकं मागवत असे. त्याच पत्रव्यवहारातून तिचा संपादक ऑगस्ट डर्लेथ याने त्याच्या कथा घ्यायला सुरुवात केली. 1980 मध्ये तो सैन्यातून निवृत्त झाला आणि पूर्णवेळ लेखक बनला. ‘नेक्रोस्कोप’ आली तेव्हा तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. पहारा, परवाना, चौकी, वरिष्ठाची मर्जी, हे सगळं त्याने अंगावर घेतलेलं होतं. त्याच्या कादंबरीतली भुतं कल्पनेतली आहेत. दारावरचा संत्री मात्र ओळखीचा आहे. 2 जानेवारी 2024 रोजी, वयाच्या 86 व्या वर्षी तो गेला.

आणि अतींद्रिय हेरखातं ही कल्पनाही तुम्हाला वाटते तितकी हवेतली नाही. 1972 पासून कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रसेल टार्ग आणि हॅरल्ड पुटहॉफ हे दोन भौतिकशास्त्रज्ञ सीआयएच्या पैशावर दूरदृष्टीचे प्रयोग करत होते. बंद खोलीत बसलेल्या माणसाने हजारो मैलांवरचा सोव्हिएत तळ ‘पाहून’ त्याचं चित्र काढायचं, अशी ती अपेक्षा! पुढे हा उद्योग लष्कराच्या फोर्ट मीड तळावर गेला, त्याची नावं बदलत गेली, शेवटचं नाव स्टार गेट. 1995 मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी झाली. हेरगिरीला उपयोगी पडेल असं यातून काही हाती लागत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि दुकान बंद झालं. तोवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले होते. रशियन लोक या विद्येत पुढे गेले आहेत, ही भीती त्या खर्चामागे होती. रशियनांनाही हीच भीती अमेरिकनांबद्दल होती. लमलीने कादंबरी लिहिली ती स्टार गेटची कागदपत्रं खुली होण्याच्या किती तरी आधी. त्यामुळे आज ती वाचताना गंमत वेगळीच येते.

आता मुद्द्यावर येतो. ही मालिका मराठीत यावी असं मला वाटतं, ते तिच्यात रक्त आहे म्हणून नव्हे. रक्त स्वस्तात मिळतं. हेरकथेचा जो मूळ प्रश्न आहे, म्हणजे समोरच्याच्या पोटातली माहिती काढायची कशी, तोच लमलीने भयकथेचा प्रश्न करून टाकला आहे. हे त्याच्याइतकं सरळ मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही.

बोरोविट्झच्या पदरी बोरिस ड्रागोसानी नावाचा एक तरुण रुमानियन आहे. त्याचं काम प्रेतांची झडती घेण्याचं. पहिल्याच प्रकरणात, 1971 च्या मे महिन्यात, तो आपल्याला कामावर भेटतो. टेबलावर एक मृतदेह आहे. ड्रागोसानी कपडे उतरवून आत शिरतो आणि शस्त्रांनी, मग नुसत्या हातांनी, दातांनी, तो देह उघडू लागतो. आतड्यांतून, मेंदूतून, मांसातून त्या माणसाची गुपितं त्याला कळतात. बाहेर वरिष्ठ अधिकारी बघत उभे. एखाद्याला मळमळतं, दुसऱ्याचं लक्ष घड्याळाकडे. पण लमलीने इथे एक खिळा ठोकून ठेवला आहे. मेलेल्याला हे सगळं जाणवतं. देह मेला तरी मन मेलेलं नसतं, आणि ड्रागोसानीच्या हाताखाली ते मन वेदनेने किंचाळत असतं. ती किंकाळी त्याच्याशिवाय कुणाला ऐकू येत नाही, आणि त्याला तर तिचाच कैफ चढतो. म्हणजे ही शवचिकित्सा नव्हे, छळ करून घेतलेला जबाब आहे. मरणानेसुद्धा ज्याच्यातून सुटका होत नाही असा.

दुसऱ्या बाजूला हॅरी किओ. खाणगावातल्या शाळेतला, घाऱ्याशा डोळ्यांचा, वर्गात हरवून बसलेला पोरगा. शाळेला लागून दफनभूमी आहे. हॅरीला मेलेल्यांशी बोलता येतं. तो त्यांना नुसतं विचारतो, आणि ते सांगतात. गणित अडलं तर जवळच पुरलेला जुना गणितमास्तर समजावून देतो. दांडगी पोरं मागे लागली तर सैन्यातून आलेला मृत कवायतशिक्षक त्याच्या हातापायांत शिरून ठोसा कसा मारायचा ते दाखवतो. लमलीच्या जगात मेलेली माणसं कबरीत पडल्या पडल्या जन्मभर केलेलं कामच पुढे करत असतात. वास्तुविशारद मनात इमारती रचतो, कवी कविता करतो, पण शेजारच्या कबरीशी त्यांना बोलता येत नाही. काळोखात एकेकटे. हॅरी आला आणि त्यांना पहिल्यांदा कुणी तरी हाक मारली. म्हणून मेलेले त्याच्यावर जीव टाकतात. ज्याने हॅरीच्या आईचा खून करून तिला नदीच्या बर्फाखाली ढकललं, त्या सावत्र बापाची वेळ येते तेव्हा हॅरीला फारसं काही करावंच लागत नाही.

या दोन पद्धती लमली एकाच माणसावर वापरून दाखवतो, आणि पहिल्या भागाचा गाभा मला तिथे दिसतो. ई-ब्रँचचे प्रमुख सर कीनन गॉर्मली यांना रशियन हेर मारतात. ड्रागोसानी त्यांच्या देहातून ब्रिटिश खात्याची सगळी गुपितं, हॅरीच्या नावासकट, ओरबाडून काढतो. पुढे हॅरी त्यांच्या रक्षेपाशी जातो. आणि तेच गॉर्मली, ज्यांच्याकडे लपवायला आता काही उरलेलं नाही, हॅरीला आपण होऊन सगळं सांगतात. आपल्यावर काय गुदरलं तेही. एकाच माणसाकडून तीच माहिती दोनदा. एकदा लुटलेली, एकदा दिलेली. ड्रागोसानी स्वतःच्या जोडीदारालाही सोडत नाही. मॅक्स बाटू नावाचा मंगोल त्याच्याबरोबर मोहिमेवर असतो, नुसत्या नजरेने माणूस मारण्याची त्याची ख्याती. ही विद्या शिकव म्हणून विचारायच्या ऐवजी ड्रागोसानी त्याला मारतो आणि ती त्याच्या प्रेतातून काढून घेतो. लुटीची सवय झालेल्या माणसाला मागणं जमत नाही, हे इतक्या घाणेरड्या तऱ्हेने सांगणारी दुसरी हेरकथा मला ठाऊक नाही.

व्हॅम्पायर कुठे आहे, असं तुम्ही म्हणाल. तो रुमानियात, एका निर्मनुष्य टेकडीवर, जमिनीखाली साखळदंडात पडला आहे. थिबॉर फेरेन्झी. एके काळचा वालाकियाचा सेनानी, सुमारे पाचशे वर्षांपूर्वी गाडलेला. ड्रागोसानीला लहानपणी तो सापडला, आणि प्रेतं वाचायची विद्या त्यानेच शिकवली. या दोघांच्या भेटींची प्रकरणं अनुवादकाने जपून करायला हवीत. थिबॉर बोलतो ते डोक्यातल्या डोक्यात, गोडीगुलाबीने, पोराला ‘मुला’ म्हणत. दर भेटीत थोडंसं सांगायचं, उरलेलं पुढल्या खेपेला, आणि त्या बदल्यात काही तरी मागून घ्यायचं, आधी एखादं जनावर, मग आणखी काही. हेरखात्यात नवा माणूस कसा गळाला लावतात, त्याची ही शिकवणीच आहे. मोहाचा तुकडा टाकायचा, त्याला बांधून ठेवायचं, आणि सूत्रं आपल्याच हातात आहेत असं त्याला वाटू द्यायचं. ड्रागोसानीही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हे, तोही म्हाताऱ्याशी खोटं बोलतो, गुपितं काढून त्याला फसवायचा बेत करतो. दोन्हीकडून फसवाफसवी. ड्रॅक्युलासारखा झगा नाही, मेजवानी नाही. मातीखालून येणारा आवाज आणि त्याच्याशी हुज्जत घालणारा एक सोव्हिएत नोकर.

लमलीचा व्हॅम्पायर शापाने होत नाही. माणसाच्या शरीरात जळूसारखा एक परजीवी वाढतो, त्याच्या मणक्याशी, मेंदूशी एकजीव होतो, आणि मग देहाचं मांस हवं तसं वळवता येऊ लागतं. तो आयुष्यात एकदाच एक अंडं देतो, कुणाला द्यायचं ते ठरवून. वारसा, निवड, दगा, सगळं राजकारण त्या एका अंड्याभोवती. तिसऱ्या भागात हे वाम्फिरी, म्हणजे लमलीचे व्हॅम्पायर, मुळात कुठून आले ते कळतं, आणि तिथेही लमली आपल्या काळाला धरून आहे. 1983 च्या मार्चमध्ये रेगन यांनी अंतराळातून क्षेपणास्त्रं अडवण्याची योजना जाहीर केली. लमलीचे रशियन त्याला उत्तर म्हणून उरल पर्वतातल्या पेर्चोर्स्क इथे डोंगर पोखरून एक प्रयोग करतात, तो फसतो, आणि दुसऱ्या जगाकडे एक दार उघडतं. दारातून जे बाहेर येतं त्याचं काय करायचं, हा प्रश्न शेवटी सैनिकांच्या, शास्त्रज्ञांच्या आणि केजीबीच्या बैठकीत सुटतो, म्हणजे सुटत नाही.

गणिताचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता. हॅरीला पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगला जायचं असतं, ऑगस्ट फर्डिनांड म्योबियस या गणितज्ञाच्या कबरीवर. पट्टीला एक पीळ देऊन तिची टोकं जोडली की तिला एकच बाजू उरते, ती पट्टी ज्याच्या नावाने ओळखली जाते तो हा. 1868 मध्ये लाइपझिगमध्येच वारला. लमलीच्या कादंबरीत तो शंभरावर वर्षं कबरीत आकडेमोडच करतो आहे, आणि आता त्याला त्रिमितीच्या पलीकडच्या वाटा दिसू लागल्या आहेत. हॅरी थडग्यावर बसून त्याच्याकडे शिकवणी घेतो. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच की एक परदेशी पोरगा कबरीवर बसून स्वतःशी पुटपुटतो आहे, आणि पूर्व जर्मनीत असा माणूस पोलिसांच्या नजरेतून सुटत नाही. ते धरायला येतात, नेमकं तेव्हा हॅरीला समीकरण सुटतं, हवेत एक दार दिसतं आणि तो त्यातून नाहीसा होतो. दाराच्या पलीकडे भूतकाळ आणि भविष्यकाळ. तिथे प्रत्येक माणसाचं आयुष्य निळ्या धाग्यासारखं पुढे जाताना दिसतं. व्हॅम्पायरचा धागा लाल. ही कल्पना ऐकायला पोरकट वाटेल. पण हेराला हवं काय असतं? सीमा न ओलांडता सीमेपलीकडे जाणं. आणि ती युक्ती हॅरीला शस्त्रागारातून मिळत नाही, एका विसरल्या गेलेल्या प्राध्यापकाला आदराने विचारल्यावर मिळते. बर्लिनची भिंत अजून उभी होती तेव्हा बर्लिनमध्ये लष्करी पोलिसाची नोकरी केलेल्या माणसाने हे लिहिलं आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे परकं वाटेल का? मला नाही वाटत. प्रेताशी संवाद आपल्याला नवा नाही. वेताळपंचविशी ऐकत आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. तिथे मात्र प्रश्न खांद्यावरचं प्रेत विचारतं आणि उत्तर जिवंत विक्रमाला द्यावं लागतं. रिचर्ड बर्टन याने 1870 मध्ये या कथा इंग्रजीत नेल्या तेव्हा नावातच विक्रमाशेजारी व्हॅम्पायर बसवला. नारायण धारपांनी मराठी भयकथेला वाचक मिळवून दिले. स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून बेतलेली ‘लुचाई’ म्हणजे व्हॅम्पायर आपल्या मातीत कसा उतरवावा याचा नमुना आहे. दुसऱ्या बाजूला बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी, पुढे गुरुनाथ नाईकांच्या नायकांनी, फिरत्या वाचनालयांची कपाटं भरून टाकली. म्हणजे भुताचा वाचकही आपल्याकडे होता आणि हेराचाही. पण दोघांची कपाटं वेगळी राहिली. धारपांचा समर्थ हा साधक आहे, त्याला वरिष्ठ नाही, अहवाल नाही, अंदाजपत्रक नाही. अलौकिकाशी सामना देणारं एक सरकारी खातं, त्यातले कारकून, बढत्या, गोपनीय फायली, ही कल्पना मराठीत जवळपास कोरीच आहे. इंग्रजीत तिला आता मोठा संसार झाला आहे. टिम पॉवर्सने किम फिल्बी या खऱ्या दुहेरी हेराला घेऊन 2000 मध्ये ‘डिक्लेअर’ लिहिली, चार्ल्स स्ट्रॉसची लाँड्री मालिका तर सरकारी कार्यालयातल्या फॉर्मांवरच हसते. आमच्या तरुण लेखकांच्या हाती हे बी पडू दे. सचिवालयाच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत काय काय होऊ शकेल ते त्यांना सुचवायला लागणार नाही.

आता अनुवादाबद्दल थोडं कडक बोलतो. गेल्या काही वर्षांत मी अशा अनुवादित थ्रिलर वाचल्या, ज्यांत ‘संथ’ प्रकरणं सरळ गाळलेली होती. पाठलाग ठेवला, बैठक उडवली. लमलीच्या बाबतीत असं केलंत तर हाती उरेल ती रक्ताची बादली. बोरोविट्झ आणि आंद्रोपोव्हच्या माणसांमधली कुरबुर, लंडनच्या हॉटेलातल्या वरच्या मजल्यावरच्या कंटाळवाण्या रात्रपाळ्या, थिबॉरचं लांबण लावणारं आत्मचरित्र, ही पानं अडगळ नव्हेत. भीती तिथेच मुरते. ड्रागोसानीचा पगार कोण देतं हे कळल्याशिवाय ड्रागोसानी भयंकर वाटत नाही.

आणि कृपा करून शातो ब्रोनित्सीला महाबळेश्वरात आणू नका. ‘लुचाई’ जमली कारण किंगचं गाव कुठल्याही गावासारखं आहे. ही मालिका मात्र मॉस्को, लाइपझिग, डेव्हन, कार्पेथियन, उरल यांच्या नकाशाला खिळलेली आहे. पूर्व जर्मनीचा पोलीस काढून तिथे नाक्यावरचा हवालदार ठेवलात तर प्रसंगाचा जीवच जातो. आम्हाला तळटीपाही नकोत. केजीबी काय होती ते मराठी वाचकाला कळतं.

क्रमाबद्दलही आग्रह आहे. तिसरा भाग सर्वांत चित्तथरारक म्हणून तो आधी काढायची कल्पना तुमच्या विक्री विभागाला सुचेल. सुचू देऊ नका. आणि मुखपृष्ठावर मान वळवलेली बाई नको. अमेरिकेत टॉर प्रकाशनाने बॉब एगल्टनकडून कवट्यांची मुखपृष्ठं करून घेतली होती, ती बटबटीत होती खरी, पण त्यात कोणतीही फसवणूक नव्हती. आत जे आहे तेच बाहेर होतं.

मालिकेचे दोष लपवून मी तुम्हाला ती गळ्यात मारणार नाही. लमली पाल्हाळिक आहे. नव्या भागात जुन्या भागाची उजळणी इतक्या पानांची करतो की ओळीने वाचणाऱ्याला राग येतो. उद्गारचिन्हांची त्याला चटक आहे. त्याच्या बायका बहुधा कुणाची तरी आई, प्रेयसी नाही तर शिकार असतात, आणि त्यांच्यावरच्या अत्याचारांची वर्णनं काही ठिकाणी गरजेपेक्षा रेंगाळतात. आज ती वाचताना माझ्या कपाळाला आठी पडते. तिसऱ्या भागातली लेडी कॅरन आणि झेक फोनर या दोघींनीच काय ती त्याची लाज राखली. रुमानियातल्या भटक्या जमाती म्हणजे व्हॅम्पायरचे परंपरागत चाकर, हा साचा त्याने थेट ब्रॅम स्टोकरच्या 1897 मधल्या ‘ड्रॅक्युला’तून उचलला. पुढच्या तीन पुस्तकांत त्या लोकांना स्वतःचं जग आणि नायकपण दिलं, हे खरं, पण सुरुवातीच्या भागांत तो साचा बोचतोच. प्रस्तावना लिहवून घेणार असाल तर या गोष्टी तिथे स्पष्ट लिहवून घ्या. गाळू मात्र नका.

इतके दोष असूनही पाचही भाग का, याचं उत्तर पाचव्या भागात आहे. शेवट थोडा फोडतो, माफ करा. पण तुम्हाला हक्क विकत घ्यायचे आहेत, तेव्हा माल बघूनच घ्या. चौथ्या भागात हॅरीचं सगळंच गेलेलं असतं. मेलेल्यांशी बोलणंही त्याच्यावर बंद झालेलं, गणितही पुसलेलं. हत्यारं काढून घेतलेला जुना हेर. ती परत मिळवण्याच्या धडपडीत त्याला व्हॅम्पायरांशी सौदे करावे लागतात, आणि पाचव्यात त्या सौद्यांची वसुली होते. तो स्वतःच हळूहळू तेच बनू लागतो. मग ई-ब्रँच, ज्या खात्यासाठी त्याने सगळं केलं, ते खातं त्याची फाइल उघडतं. त्याचे सहकारी, ज्यांच्यापैकी काहींचे जीव त्याने वाचवले होते, त्याच्यावर पाळत ठेवतात. कुणी दुष्ट नाही. नियमच तसा आहे, आणि तो नियम हॅरीनेच त्यांना शिकवलेला. मेलेलेही बिचकतात. ज्यांना त्याने काळोखात पहिली हाक मारली, ते आता त्याच्या हाकेला ओ द्यायला कचरतात. आणि एक मनोविकृत खुनी मुली मारत सुटलेला असतो, जो ड्रागोसानीसारखाच मेलेल्यांना छळतो. त्याला शोधून काढण्याचं काम हॅरी त्या मुलींसाठी अंगावर घेतो, स्वतःचा वेळ संपत आलेला असताना. आता ज्याच्या नसांत व्हॅम्पायर वाढतो आहे तो माणूस त्या मुलींना विचारेल की त्यांच्यातून ओढून काढेल, यावर पाचवा भाग उभा आहे. मी ते सांगत नाही.

हक्कांची रीतसर खरेदी करा. लेखक गेला म्हणून हक्क संपले असं नव्हे, आणि ‘आधारित’ म्हणून पुस्तक रेटून नेण्याचा काळही आता उरलेला नाही. अनुवादकाला पानामागे किती देता हा तुमचा प्रश्न, पण पाचही भाग एकाच माणसाकडून करून घ्या. थिबॉरचा आवाज पहिल्या आणि दुसऱ्या भागात बदलला तर वाचकाच्या लगेच लक्षात येईल. तो अनुवादक शोधताना नुसता इंग्रजीचा पदवीधर बघू नका. ज्याने रात्री जागून धारप वाचले आहेत आणि कधी तरी सरकारी टिपणीही लिहिली आहे, असा कुणी सापडला तर त्याला आगाऊ रक्कम द्या आणि सोडू नका.

पहिला भाग छापलात की मला कळवा. माझ्या गावच्या वाचनालयासाठी पाच प्रती रोखीने घेईन.



आपला,
एक वाचक